कमरेला बांधलेला घोडा

गोव्यात शिगम्याच्या सणाला पेडणे, डिचोली आणि सत्तरीकडे घोडेमोडणी हे लोकनृत्य निघतं. पुढे लाकडी घोड्याचं तोंड, कमरेभोवती बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत झूल. एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, पायांत घुंगरू. ढोल-ताशांच्या ठेक्यावर नर्तक पुढे झेपावतो, मागे सरतो. राणे घराण्याने पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयाची ही आठवण, असं परंपरा सांगते.

लोककलेची माहिती म्हणून हे अनेकदा लिहिलं गेलं आहे. मला त्यातलं शरीर महत्त्वाचं वाटतं. दोन्ही हात गुंतलेले असल्याने तोल पायांनी आणि कमरेनेच सांभाळायचा. अंगाची लांबी वाढलेली, त्यामुळे वळताना घोड्याचं तोंड शेजाऱ्याला लागू नये एवढं अंतर अंगातच मुरवून घ्यावं लागतं. कमरेच्या वर स्वार, खाली घोडा, आणि दोन्ही एकाच माणसाचे. या लाकडाला कुणी आधार म्हणत नाही. ते लपवावं असंही कुणाला वाटत नाही.

कृत्रिम पायाबाबत मात्र आपली नजर बदलते. १९८१ साली अपघातानंतर नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून, वेदना सोसत त्यांनी पुन्हा सराव केला आणि १९८४ साली मुंबईत भरतनाट्यम सादर केलं. ‘मयूरी’ या तेलुगू चित्रपटात स्वतःची भूमिकाही त्यांनीच केली. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट हा रबरी पाय घोट्यात वाकतो. त्याने अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. म्हणजे तो इथल्या जगण्यासाठी घडलेला पाय आहे. तरीही अशा नर्तिकेचं आपण कौतुक करतो ते ‘कळतसुद्धा नाही हो!’ असं. मला ही दाद अपुरी वाटते.

अमेरिकेतल्या नर्तिका लिसा बुफानो यांनी उलटी वाट धरली. संसर्गामुळे त्यांचे पाय आणि हातांची बोटं गेली होती. दोन्ही हातांना आणि पायांना टेबलाचे २८ इंची नक्षीदार पाय जोडून त्या रंगमंचावर आल्या. माणसासारखं दिसण्याचा हट्ट सोडल्यावर एक वेगळाच, उंच, सावध प्राणी चालू लागला. कॅनडाच्या नृत्यदिग्दर्शिका मारी शुइनार यांनी २००५ साली धडधाकट नर्तकांच्या हाती कुबड्या दिल्या. ते नृत्य देखणं आहे, पण प्रयोग संपल्यावर त्यांना कुबड्या ठेवून देता येतात. स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅम रोजच्या वापरातल्या कुबड्यांमधूनच आपली नृत्यभाषा घडवतात. तिथे मला जास्त शिकायला मिळतं.

गोव्यात २०२३च्या जानेवारीत दिव्यांगांसाठी पहिला पर्पल फेस्ट पणजीत झाला.  दिव्यांगांना सामावून घेण्याचा हा विचार आता शिगम्यापर्यंतही पोचावा, असं मला मनापासून वाटतं. मांडाचे, म्हणजे शिगमा जिथे खेळतात त्या जागेचे, मान आणि रीती गावाच्या, त्यामुळे निर्णयही गावानेच घ्यायचा. पण घोडा कमरेला बांधतात, आणि चाकांच्या खुर्चीत बसूनही तो बांधता येईल. पुढे झेपावणं, मागे सरणं, गर्रकन वळणं चाकांना जमतं. अडचण हातांची आहे: तलवार आणि लगाम धरल्यावर चाकं कोण फिरवणार? बॅटरीवरची खुर्ची एका हाताने चालते. ती चालवायच्या दांडीलाच लगाम बांधायचा. दुसरा हात तलवारीसाठी मोकळा राहतो.