पेरूची फोड आणि लिंबाचा रस
(स्वयंपाकघरातलं रसायन : भाग ११)

आंबट असेल त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर, असं आपल्याकडे सरसकट धरून चालतात. पण लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. 'क'चा हिशेब वेगळा. तो जिभेला लागत नाही, मोजावाच लागतो.

शंभर वर्षांपूर्वी या मोजणीसाठी गिनीपिग पाळावे लागत. उंदीर आपलं 'क' आपल्याच यकृतात तयार करतो, म्हणून तो इथे कुचकामी. गिनीपिगला माणसासारखंच ते जमत नाही. ताजा हिरवा चारा बंद केला की त्याला स्कर्व्ही होतो. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी हे १९०७मध्ये दाखवलं. मग किती रस पाजला की जनावर धडधाकट राहतं, यावरून रसाची पत ठरायची. एकेका फळामागे आठवडेच्या आठवडे जात. १९३२मध्ये हे जीवनसत्त्व म्हणजे नेमका कोणता पदार्थ ते उमगलं आणि गिनीपिग सुटले.

आता ड्रॉपर पुरतो. औषधाच्या दुकानातून 'क'ची ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन आणा. गोळी कुटून अर्धा लिटर पाण्यात विरघळवा; एका मिलिलिटरात एक मिलिग्रॅम 'क' आलं. त्यातलं १० मिलिलिटर पेल्यात घ्या, वर चमचाभर पेजेची निवळ घाला आणि आयोडीनचे थेंब मोजत सोडा. थेंब पडतो, निळसर वलय उमटतं, ढवळलं की विरतं. आयोडीनवर पहिला हात 'क'चा. ही पंगत उठल्याशिवाय पेजेतल्या स्टार्चला पान वाढलं जात नाही. 'क' संपलं की पुढचा थेंब थेट स्टार्चला मिळतो आणि पेला निळाकाळा होतो, तो ढवळूनही तसाच राहतो. तिथे थांबायचं.

मला ३० थेंब लागले. म्हणजे एक थेंब एक तृतीयांश मिलिग्रॅमचा. मग लिंबाचा निव्वळ रस १० मिलिलिटर घेतला : १४ थेंब. त्यानंतर २० ग्रॅम पेरू मिक्सरमधून काढून, गाळून, पाणी घालून १०० मिलिलिटर केला आणि त्यातला दहावा भाग पेल्यात ओतला. १३ थेंब! एकीकडे अख्ख्या लिंबाचा रस, दुसरीकडे दोन ग्रॅमची पेरूची फोड, आणि दोघं जवळपास बरोबरीत. हिशेब केला तर लिंबाच्या १०० मिलिलिटर रसात सुमारे ४५ मिलिग्रॅम, १०० ग्रॅम पेरूत सुमारे २१५. (पेले मोरीत ओता. आयोडीन घातलेला रस प्यायचा नसतो, हे सांगायला नको, पण सांगतो.)

मिक्सर फिरवल्यावर मात्र रेंगाळू नका. पातं गरात हवा घुसळतं आणि हवेतला ऑक्सिजन 'क' खात सुटतो. तांब्याचं भांडं तर नकोच, तांब्याने हा ऱ्हास आणखी वेगाने होतो. प्रयोगशाळेत फळ वाटतानाच मेटाफॉस्फोरिक आम्ल घालतात, म्हणजे 'क' टिकतं. घरी त्याऐवजी लिंबू पिळायचा मोह होईल. तो आवरा, लिंबाचं स्वतःचं 'क' त्यात मिसळेल.

जांभूळ, डाळिंब, कोकम यांच्यापुढे ही पद्धत हात टेकते. गडद रसात निळा रंग उमटला कधी, हेच दिसत नाही. आणि आवळा तर चक्क फसवतो. आयोडीन फक्त 'क'शीच झगडतं असं नाही; आवळ्यातली तुरट द्रव्यंही त्याला गिळतात. थेंब वाढत जातात आणि आपण खूश होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्याला ६०० मिलिग्रॅम लिहिलं होतं, २०१७च्या तक्त्यात तोच आकडा सुमारे २५० आहे. वाण, पिकलेपणा, मोजायची रीत, काहीही बदललं की आकडा हलतो. च्यवनप्राशाच्या जाहिरातवाल्यांना अजून जुनाच आकडा पाठ असेल तर नवल नाही. आता मोठ्या प्रयोगशाळा रसातले घटक आधी वेगवेगळे काढतात आणि मग एकट्या 'क'ला मोजतात. आपल्या ड्रॉपरला ते जमणारं नाही.

पुढच्या आठवड्यात हाच ड्रॉपर घेऊन ढोबळी मिरचीच्या भाजीकडे वळू : आधी कच्ची, मग कढईत दहा मिनिटं काढलेली.