गेटवरची वही

शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलतात, टेमघरला ते शुद्ध होतं आणि तिथून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे जातं. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं हे काम टेमघरच्या माणसाच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की एरवी त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद राहील अशी सूचना आली की काय होतं बघा. पिंप, बादल्या, टोप, कळश्या, सगळं भरलं जातं. सोसायटीची टाकी काठोकाठ होते. टँकरवाल्याकडे आधीच नंबर लागतात. पाणी सुरू झालं की साठवलेलं ‘शिळं’ म्हणून ओतून दिलं जातं आणि तीच भांडी पुन्हा भरतात. सगळे नळ एकाच वेळी सुटल्यामुळे दाब कमी येतो. मग ‘आजही पाणी नाही’ अशी कुजबुज होते आणि लोक आणखी भरतात. घरातल्या माणसांची गरज रोजच्याएवढीच होती, नळावरची मागणी मात्र कितीतरी पटींनी वाढली.

मुंबई विद्यापीठाच्या बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला ‘लॉजिस्टिक्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा विषय मी शिकवतो. त्यातला ‘बुलव्हिप इफेक्ट’ मी या पाण्यावरूनच सुरू करतो. पुस्तकात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं उदाहरण असतं. बाळं तेवढीच, दुकानातली विक्री जवळजवळ सारखी, तरी घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी वरखाली होतात आणि कंपनीनं कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ते मांडलं. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी माहिती उशिरा पोचली की साखळीत असे हेलकावे का येतात हे दाखवून दिलं होतं. डायपर ऐकताना वर्ग शांत असतो. पाण्याचं सांगितलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, आमच्या चाळीत तर लोक टबसुद्धा भरतात.”

या मुलांचं घरच साखळीत आहे. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाचा भाऊ ई-कॉमर्सच्या गोदामात पिकर, कुणाच्या काकांनी भातशेतीच्या जागी गाळे बांधून भाड्यानं दिलेले. टेमघरहून कल्याणच्या दिशेनं निघालं की रांजणोली नाका येतो. तिथून माणकोलीकडे वळा नाहीतर पडघ्याकडे, महामार्गाच्या दोन्ही अंगांना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची छपरं संपत नाहीत. ही गोदामं इथेच का आली, हा माझा दुसरा धडा.

मुंबईत माल शिरला की जकात लागायची. भिवंडी मुंबईच्या हद्दीबाहेर, तरी हाकेच्या अंतरावर. न्हावा-शेवा बंदर, आग्रा रोड आणि गुजरातकडून येणारा रस्ता, तिन्ही जवळ. माल इथे उतरवायचा, लागेल तसा शहरात न्यायचा आणि जकात तेवढ्यापुरतीच भरायची. त्यात केंद्रीय विक्रीकर होता. राज्याबाहेर थेट विकलं तर तो लागे, स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या डेपोत माल पाठवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. तेव्हा अनेकांना वाटलं, आता भिवंडीचं काय काम उरणार? झालं उलटंच. राज्यागणिक डेपोची गरज संपल्यावर कंपन्यांनी लहान गोदामं बंद करून मोठी बांधली आणि त्यासाठी भिवंडीची जागा सोयीची होती.

इथे मी फळ्यावर वर्गमूळ काढतो. अनपेक्षित मागणीसाठी जो राखीव साठा ठेवतात, तो ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. चार डेपोंचं एक केलं की राखीव साठा निम्म्यावर येतो, नऊंचं एक केलं की एक तृतीयांशावर. कारण एका भागात मागणी वाढते तेव्हा दुसऱ्या भागात ती घटलेली असू शकते. मुलांना हे फार आवडतं. परीक्षेत बरोबर लिहितात. पण दिवाळीत सगळ्या राज्यांत मागणी एकदमच वाढते आणि मग वर्गमुळाचा आधार सुटतो. सूत्र कुठे लंगडं पडतं हे कळलं, तरच ते कळलं असं मी मानतो. ते कळायला फळा पुरत नाही, म्हणून मुलांना गोदामाच्या गेटवर उभं करतो.

रांजणोलीच्या पुढच्या एका गोदामानं आम्हाला बसू दिलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गेटवर सिक्युरिटीची वही असते: गाडी नंबर, ट्रान्सपोर्ट, ड्रायव्हरचं नाव, इन टाइम, आउट टाइम, सही. एवढेच रकाने. त्यावरून गाडी आत किती तास होती हे कळतं, ते तास कुठे गेले हे कळत नाही. मुलांनी स्वतःची वही केली आणि मध्ये तीन रकाने घातले: गाडी डॉकला, म्हणजे उतराईच्या फलाटाला, कधी लागली, उतराई कधी सुरू झाली, कधी संपली.

उतराई बघण्यासारखी असते. आधी सील तपासतात. त्यावरचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. मग ई-वे बिल, इन्व्हॉइस. दार उघडलं की मुकादम आधी माल कसा भरलाय ते बघतो. जड पेट्या खाली आहेत की वर, कुठे ओल लागली आहे का, प्रवासात थप्पी सरकली आहे का. एक मुकादम नुसतं आत डोकावून सांगायचा, “ही दोन तास खाणार,” किंवा “ही चहाच्या आत होईल.” एका विद्यार्थिनीनं त्याचे अंदाज समासात लिहून ठेवले आणि नंतर प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहिले. बहुतेक जुळले. “दादा, तुम्हाला कसं कळतं?” असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, “भरणाऱ्यानं कुठे घाई केली ते दिसतं ना, ताई.”

टोळी उतरवते, पॅलेटवर थर लावते, खालच्या थराच्या सांध्यावर वरची पेटी येईल असा. कोपरे जुळले की प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. हँड पॅलेटनं ओढून तपासणीच्या जागेवर न्यायचं. तिथे स्कॅनर लागतो, नग मोजले जातात, फुटलेली पेटी वेगळी निघते. मग स्टॅकर ते रॅकवर चढवतो आणि संगणकात त्या पॅलेटला जागेचा क्रमांक मिळतो. गोणी असतील तर माणसाची पाठ आणि मान लागते. १९६९ चा माथाडी कायदा याच पाठीसाठी झाला. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या चळवळीचं ते फळ. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘मटेरियल हँडलिंग’ या प्रकरणात कन्व्हेयर आहे, क्रेन आहे, रोबो आहे. माथाडी नाही. महाराष्ट्रात हा विषय शिकवताना ही उणीव मला फार मोठी वाटते आणि मी तो तास वेगळा काढून शिकवतो.

मुलांची वही भरत गेली तसं चित्र स्पष्ट झालं. सगळ्यांचा अंदाज होता की वेळ उतराईत जातो. प्रत्यक्षात उतराईचा तुकडा सगळ्यांत छोटा निघाला. सगळ्यांत मोठा तुकडा गेटपासून डॉकपर्यंतचा. दुसरा मोठा, गाडी रिकामी झाल्यानंतरचा: ड्रायव्हर पोचपावतीवर सही-शिक्का मिळायची वाट बघत बसलेला. तो कागद परत गेल्याशिवाय ट्रान्सपोर्टरला भाडं मिळत नाही, म्हणून तो हलूच शकत नाही.

शिक्क्याला उशीर का, हे शोधायला मुलं ऑफिसात गेली. संगणकावर आवक नोंदवणारा मुलगा तीन-चार गाड्यांचे कागद साठू द्यायचा आणि मग एकदम बसून नोंदी करायचा. त्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. एकाच प्रकारचं काम सलग केलं की चुका कमी होतात. शिवाय इन्व्हॉइसवर माल नगांत असायचा आणि गोदामातली मोजणी पेट्यांत, त्यामुळे प्रत्येक नोंदीला गुणाकार. कुणीही कामचुकार नव्हतं. प्रत्येक जण आपापला भाग नीट करत होता आणि रिकामी गाडी तशीच उभी होती. ‘सिस्टिम्स थिंकिंग’ या शब्दाची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलांना हे डोळ्यांनी दिसलं.

मग आम्ही जॉन लिटल यांचा नियम लावला. १९६१ साली त्यांनी तो सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही: आत असलेल्या गाड्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले एका गाडीचे आतले तास. समजा तासाला चार गाड्या येतात आणि प्रत्येकीला पाच तास लागतात, तर सरासरी वीस गाड्या उभ्या असणार. आवारात जागा बाराची असेल, तर आठ बाहेर, रस्त्याच्या कडेला. भिवंडीच्या वाहतूक कोंडीचा दोष आपण खड्ड्यांना आणि पुलांना देतो. खड्डे आहेतच. पण त्या कडेच्या आठ गाड्या गोदामाच्या कागदांतून आलेल्या आहेत. पाचाचे तीन तास झाले, तर बारा गाड्या आवारात मावतील, एक फूट जमीन न वाढवता. हे गणित फळ्यावर आलं तेव्हा वर्गात रोज त्या कोंडीतून कॉलेजला येणारी मुलं होती. हा नियम त्यांना पुन्हा समजवावा लागला नाही.

ड्रायव्हरच्या वेळेचं काय, हा प्रश्न मात्र सुटत नाही. कागदावर ठरलेल्या तासांनंतर डिटेन्शन, म्हणजे गाडी खोळंबल्याची भरपाई, मिळायला हवी. एका गाडीच्या मालकाला ती मागायची सोय नसते. मागितली तर पुढची फेरी दुसऱ्याला जाते. आम्ही शिकवतो त्या एकूण खर्चाच्या कोष्टकात वाहतूक आहे, गोदाम आहे, साठ्यावरचं व्याज आहे. टायरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेल्या माणसाचे तास त्यात नाहीत. ज्या तासांचा खर्च कुणाच्याच खात्यात पडत नाही ते कमी करायची घाई कुणालाच नसते. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत महत्त्वाचा धडा आहे आणि अभ्यासक्रमात तो कुठेच नाही. प्रकल्पाच्या गुणांत गेटवरच्या तासांना वजन द्यावं असं मी सहकाऱ्यांना सांगत असतो. ज्यांच्या दारात एवढी मोठी प्रयोगशाळा आहे त्या मुलांनी फक्त पीपीटी करून पास व्हावं, हे मला पटत नाही.

दुसरंही एक कारण आहे. भिवंडीतल्या बऱ्याच मुलांना गोदामात नोकरी मिळते ती पिकरची, हातात स्कॅनर आणि पायाखाली काही किलोमीटर. पिकरपासून इन्व्हेंटरी सांभाळणाऱ्यापर्यंतची वाट एक्सेलमधून आणि नेमक्या प्रश्नांतून जाते. गेटवर वही भरलेली मुलगी मुलाखतीत व्याख्या सांगत बसत नाही. ती विचारते, “तुमच्याकडे डॉक-इनची वेळ नोंदवता का?”

गोदामाच्या मॅनेजरसाहेबांनी मुलांचा तक्ता नीट पाहिला. आवक नोंदवणाऱ्याचं टेबल डॉकजवळ हलवलं आणि दर गाडीमागे लगेच नोंद करायला सांगितलं. पेटीत किती नग, हे मालाच्या प्रकारानुसार संगणकात आधीच भरून ठेवलं. शिक्क्यासाठीची वाट चांगलीच कमी झाली. गेटपासून डॉकपर्यंतची मात्र फारशी हलली नाही, कारण गाड्या घोळक्यानं येतात. जड वाहनांना ठाण्यात ठरावीक वेळा बंदी असते, त्यामुळे त्या बाजूनं येणाऱ्या गाड्या बंदी उठली की एकदम येतात. वापी-सिल्वासाकडच्या गाड्यांचा घोळका कशामुळे होतो, ते अजून आम्हाला नीट सांगता येत नाही. मुकादमाचं म्हणणं, तिकडच्या कंपन्या दिवसभराचा माल संध्याकाळी एकदम भरतात. म्हणून यंदाच्या मुलांनी वहीत वेळेचा सहावा रकाना घातला आहे, गाडी कंपनीतून किती वाजता सुटली. तो गेटवर भरता येत नाही, ड्रायव्हरलाच विचारावा लागतो. त्यासाठी दोघं जण सकाळी लवकर, गाड्यांची रांग लागण्याआधी जाऊन बसतात.