विश्लेषण : गुहेच्या अंधारात वटवाघळाला ‘संध्याकाळ झाली’ हे कसे कळते?

दिवेलागण झाली की जुन्या वाड्याच्या तुळयांमधून, पडक्या देवळाच्या गाभाऱ्यातून किंवा लेण्याच्या आतल्या दालनातून वटवाघळे बाहेर पडू लागतात. ही वेळ रोज सूर्यास्ताच्या मागोमाग येते आणि ऋतूनुसार सूर्यास्त पुढे-मागे सरकला की तीही सरकते. प्रश्न असा, की जिथे ही वटवाघळे दिवसभर उलटी टांगलेली असतात तिथे सूर्य पोहोचतच नाही. खोल गुहेत दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन सारखेच काळे, आणि तापमानही जवळजवळ तेच. मग निघण्याची वेळ सांगते कोण?

मदुराईच्या गुहेत काय दिसले?

या प्रश्नाचे एक गाजलेले उत्तर भारतातूनच आले. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या गुहांमध्ये ‘हिप्पोसिडेरॉस स्पीओरिस’ या कीटकभक्षी वटवाघळावर वर्षानुवर्षे काम केले. प्रयोगाची मांडणी साधी होती. एका वटवाघळाला गुहेतच, पूर्ण अंधारात, एकट्याने पिंजऱ्यात ठेवायचे आणि ते केव्हा फडफडते याची चोवीस तास नोंद ठेवायची.

पिंजऱ्यातल्या वटवाघळाला सूर्य दिसत नव्हता. तरीही गुहेतली बाकीची मोकळी वटवाघळे रोज ये-जा करत होती तोवर त्याची फडफड त्यांच्या वेळेशी जुळलेली राहिली. सोबतीची वटवाघळे नसली की मात्र त्याचे वेळापत्रक थांबले नाही, पण दररोज थोडेथोडे सरकू लागले. म्हणजे घड्याळ त्याच्या आतच होते. ते बाहेरच्या वेळेशी जुळवून द्यायचे काम शेजारी करत होते. जी. मारिमुथू, एस. राजन आणि चंद्रशेखरन यांचा हा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढची गंमत १९८३ च्या निबंधात आहे. त्याच गुहेत वेगळ्या कुळातले, ‘टॅफोझोअस’ जातीचे वटवाघूळ ठेवले, तेव्हा हिप्पोसिडेरॉसच्या गजबजाटाचा त्याच्या घड्याळावर परिणाम झाला नाही. शेजारी चालतो, पण आपल्या जातीचा लागतो!

पेशीतले घड्याळ चालते कसे?

शरीरात घड्याळ असते ही कल्पना जुनी आहे. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेरां यांनी लाजाळूसारखे रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. या घड्याळाची यंत्रणा मात्र जनुकांच्या पातळीवर उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९८४ मध्ये फळमाशीतील ‘पिरियड’ हे जनुक वेगळे करण्यात आले. या संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

यंत्रणा समजून घ्यायला पाण्याच्या टाकीचा फ्लोट आठवावा. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होते. पाणी उतरले की पुन्हा सुरू. सस्तन प्राण्यांच्या पेशीत ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही दोन प्रथिने ‘पर’ आणि ‘क्राय’ ही जनुके सुरू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठत जातात, पेशीकेंद्रात परततात आणि ज्यांनी आपल्याला सुरू केले त्यांनाच दाबून टाकतात. मग उत्पादन थांबते, साठलेली प्रथिने हळूहळू विघटित होतात, दाब सुटतो आणि फेरी पुन्हा सुरू होते. एका फेरीला साधारण २४ तास लागतात. फळमाशीपासून माणसापर्यंत या रचनेचा गाभा सारखा आहे, आणि वटवाघूळही सस्तनच.

या फेरीवर इतर असंख्य जनुकांची ये-जा बांधलेली असते. उंदराच्या १२ अवयवांवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुके कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसाच्या लयीने कमी-जास्त होताना आढळली. २०१८ मध्ये बबून माकडाच्या ६४ ऊतींवर असाच अभ्यास झाला, तेव्हा हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. थोडक्यात, सकाळी आठचे यकृत आणि रात्री आठचे यकृत यांच्यात चालू असलेल्या जनुकांची यादी वेगवेगळी असते.

निशाचरांचे घड्याळ उलटे असते का?

सहज वाटेल की दिवसा जागणाऱ्यांचे घड्याळ बारा तासांनी फिरवले की निशाचर तयार. तसे नाही. मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २० हजार चेतापेशींचा एक ठिपका असतो. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. निशाचर उंदीर असो वा दिवसा वावरणारा प्राणी, या ठिपक्यातील पेशींची विद्युत हालचाल दिवसाच जास्त असते आणि ‘पर’ जनुकही तिथे दिवसाच जोरात असते. मेलाटोनिन हे संप्रेरकदेखील दोघांतही रात्रीच वाढते. त्याला सर्रास ‘झोपेचे संप्रेरक’ म्हटले जाते. रात्रभर उडणाऱ्या वटवाघळापुढे ते नाव टिकत नाही. मेलाटोनिन सांगते एवढेच की बाहेर रात्र आहे. रात्री झोपायचे की शिकारीला निघायचे, हा अर्थ ज्या त्या प्राण्याचे शरीर पुढच्या पायरीवर लावते.

अवयवांची स्वतःचीही घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेला फार मानतात. उंदरांना फक्त दिवसाच खायला दिले, तर यकृताचे घड्याळ काही दिवसांत नव्या वेळेवर जाते. मेंदूतले मुख्य घड्याळ मात्र प्रकाशालाच धरून बसते. रात्रपाळीतल्या माणसाची ओढाताण हीच. डोळे दिवसाचा उजेड पाहतात, जेवण मध्यरात्री होते आणि आतली घड्याळे एकमेकांशी फटकून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. वटवाघूळ आयुष्यभर रात्रपाळी करते, पण त्याचा प्रकाश, भूक आणि झोप एकाच दिशेने ओढत असतात. सैबेरियातले सात ग्रॅम वजनाचे एक ब्रँट वटवाघूळ तर पायात कडी अडकवल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडले होते.

वटवाघळावर असा अभ्यास अवघड का?

जनुकांची चोवीस तासांची लय टिपायची, तर दर काही तासांनी ऊतींचे नमुने घ्यावे लागतात आणि मेंदू-यकृताचे नमुने म्हणजे प्राण्याचा जीव. उंदीर प्रयोगशाळेत हवे तेवढे वाढवता येतात. वटवाघळाची मादी बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू देते. शिवाय वटवाघळाच्या शरीरातले चढ-उतार टोकाचे असतात. पनामातील एका फळभक्षी जातीत उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला ९०० पर्यंत जातात, तर दिवसा विश्रांतीत ते तासातून काही वेळा २०० पर्यंत खाली येतात. एवढ्या उलथापालथीत कुठला बदल घड्याळामुळे झाला आणि कुठला उड्डाणामुळे, हे वेगळे काढणे सोपे नाही. घड्याळ स्वतः मात्र चिवट आहे. शीतनिद्रेतल्या वटवाघळांच्या शरीर-तापमानातही आतून येणारी लय असते, हे मायकेल मेनाकर यांनी १९५९ मध्येच दाखवले होते.

दिव्यांनी काय बिघडते?

मदुराईच्याच संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. अवघ्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या प्रखर झोताने वटवाघळाचे घड्याळ पुढे-मागे सरकू शकते. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो. रात्रीच्या आरंभी पडलेला प्रकाश सहसा घड्याळ मागे ढकलतो, पहाटेचा पुढे. बाहेर पडण्याआधी वटवाघळे गुहेच्या तोंडाशी घिरट्या घालून उजेड जोखतात, ती सवय यासाठीच उपयोगी. रोज एक नजर टाकली की दिवसभरात सरकलेला काटा जागेवर येतो.

आता त्याच तोंडावर रात्रभर फ्लडलाइट लावला, तर? गुहेबाहेरची संध्याकाळ होतच नाही. वटवाघळे उशिरा निघतात, आणि मावळतीनंतरचा पहिला काळ तर किड्यांच्या थव्यांचा. तीच पंगत चुकते. हंगेरीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोषणाई केलेल्या इमारतींमधली पिल्ले अंधाऱ्या इमारतींमधल्या पिल्लांपेक्षा आकाराने लहान आढळली. गड, मंदिरे आणि लेणी उजळवण्याची हौस आपल्याकडेही वाढते आहे. अशा ठिकाणी निदान वस्तीच्या तोंडाकडचा दिवा वळवणे किंवा सूर्यास्तानंतरचे पहिले दोन तास बंद ठेवणे हा फार खर्चाचा उपाय नाही.

स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात वटवाघळांसाठी तपासलेली ६१ चर्च २०१६ मध्ये पुन्हा तपासण्यात आली. मधल्या काळात अनेक चर्चवर शोभेचे दिवे बसले होते. एकूण वसाहती ३८ टक्क्यांनी घटल्या होत्या. ज्या चर्चवर दिवे बसले नव्हते, त्या सगळ्यांतल्या वसाहती टिकून होत्या.