साधे की प्रीमियम? वेगवान गाडीचे पेट्रोल आणि खिशाचा हिशेब

शनिवार पेठेत गाडी चालविणे हे धीराचे काम आहे. अप्पा बळवंत चौकातून शनिवारवाड्याकडे निघाले की हात पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. तरीही जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या तळघरात आज टर्बो इंजिनाच्या गाड्या आणि चारशे सीसीच्या मोटारसायकली उभ्या दिसतात. त्यांच्या मालकांना एक प्रश्न नेहमी पडतो. टाकीत साधे पेट्रोल भरावे की लीटरमागे जास्त पैसे मोजून प्रीमियम?

प्रश्न हौशी लोकांचा वाटतो, पण तो आपल्या व्यापाराशीही निगडित आहे. गॅरेज, सुटे भाग, बॅटरी आणि टायर या धंद्यांत आपले अनेक बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ग्राहक इंजिनाची भाषा जाणत नाही. तो मिस्त्रीच्या शब्दावर पैसे खर्च करतो. म्हणून मिस्त्रीचा शब्द ही एक अमानत ठरते.

एका गॅरेजातील प्रसंग

मध्यंतरी पेठेलगतच्या एका छोट्या गॅरेजात बसण्याचा योग आला. शनिवार पेठेतील एक तरुण आपली जुनी विकत घेतलेली पोलो जीटी टीएसआय घेऊन आला होता. चाकणच्या कारखान्यात बनलेली ही गाडी २०१३ मध्ये बाजारात आली. इंजिन १२०० सीसीचे, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्तीची. कात्रजचा घाट चढताना इंजिनातून टकटक आवाज येतो, अशी त्याची तक्रार होती. कोणीतरी सल्ला दिल्यावरून तो सहा महिने महागडे पेट्रोल भरत होता. गाडीचा हप्ता चालू, त्यात हा वाढीव खर्च.

"चाचा, आता शंभर ऑक्टेनचंच टाकतो. नाहीतर ती ऑक्टेन वाढवायची बाटली द्या," तो म्हणाला. बाटल्या चाचांच्या फळीवर रांगेत होत्या. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी टाकीचे झाकण उघडून आतला कागद दाखविला. "बेटा, आधी हे वाच. कंपनीनं काय लिहिलंय ते बघ. तू भरतोस ते त्याच्याहून भारी आहे. मग आवाज पेट्रोलचा कसा?"

प्लग काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आधीच्या मालकाने स्वस्तातले, या इंजिनाला न जुळणारे स्पार्क प्लग बसविले होते. ते जास्त तापत आणि इंधन वेळेआधी पेट घेई. चार प्लग बदलले, आवाज गेला. चाचांची कमाई चार प्लग आणि मजुरी एवढीच. बाटली विकली असती तर ग्राहक पुन्हा पुन्हा आला असता, हे त्यांनाही ठाऊक होते.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज असा की, ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितकी पेट्रोलमध्ये ताकद जास्त. तसे नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते, मग ठिणगी पडते. दाब व उष्णता फार वाढली तर ठिणगीने लागलेली आग सर्वत्र पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. तीच ती टकटक, ज्याला मिस्त्री 'नॉकिंग' म्हणतात. ती सतत राहिली तर पिस्टनला इजा होते. हा अवेळी भडका रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० गुण देऊन ही मोजपट्टी बनविली आहे.

पूर्वी ऑक्टेन वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. त्याचा विषारी धूर मुलांच्या मेंदूला घातक ठरतो. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसे बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'बीएस-६' मानकात साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१, तर प्रीमियमचे किमान ९५ ठरविले गेले.

आखातात नोकरीस असलेल्या वाचकांना हे आकडे परिचित असतील. सौदी अरबस्तानात पंपावर मुख्यतः ९१ व ९५, तर अमिरातीत ९१, ९५ व ९८ असे प्रकार मिळतात. अमेरिकेत मात्र मोजण्याची रीत निराळी आहे. तेथील ८७ म्हणजे आपले सुमारे ९१. तेव्हा परदेशातील नातेवाइकाने फोनवर सांगितलेला आकडा तसाच येथे लावू नये.

कोणत्या गाडीला कोणते?

इंजिन मिश्रणाला किती पट दाबते यावर सर्व अवलंबून आहे. नेहमीच्या स्कूटर व लहान मोटारींचे इंजिन साध्या पेट्रोलसाठीच बनविलेले असते. त्यांत ९५ किंवा १०० ऑक्टेन घातल्याने वेग वाढत नाही. चाकणलाच तयार होणाऱ्या केटीएम ३९० सारख्या मोटारसायकलीत हे प्रमाण १२ पटींहून जास्त आहे. टर्बो मोटारीत हवा मुळातच दाबून आत सोडली जाते. अशा इंजिनांवर भार आला की ऑक्टेनचे महत्त्व वाढते.

आधुनिक इंजिनात नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो. टकटक सुरू होताच संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवितो. इंजिन वाचते, पण ताकद थोडी कमी होते. जास्त ऑक्टेन मिळाले तर तीच ठिणगी योग्य वेळी पडू शकते आणि इंजिन आपली पूर्ण ताकद देते. म्हणजे प्रीमियम पेट्रोल ताकद 'घालत' नाही, कमी होणारी ताकद वाचविते. हा फरक मे महिन्याच्या उन्हात, एसी लावून, पाच माणसांसह खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट चढताना जाणवेल. शनिवारवाड्यासमोर सिग्नलला उभे असताना जाणवणार नाही.

यासाठी नियम सोपा आहे. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत पाहावे. 'किमान ९५' लिहिले असेल तर काटकसर करू नये, कारण दुरुस्तीचा खर्च कितीतरी जास्त येतो. 'किमान ९१, शिफारस ९५' असेल तर रोजच्या शहरी वापरास साधे आणि लांबच्या घाटाच्या प्रवासास ९५, असे करता येते. फक्त '९१' असेल तर साधेच पुरेसे आहे.

प्रीमियमच्या नावात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने. ती उपयोगी आहेत. परंतु मुदतीत सर्व्हिसिंग होणाऱ्या गाडीला केवळ त्यासाठी प्रत्येक टाकी प्रीमियमची भरण्याची गरज नाही.

इथेनॉलने बदललेले गणित

गेल्या काही वर्षांत या प्रश्नात नवा पैलू आला आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि इथेनॉल प्रकल्प उभारणारी प्राज इंडस्ट्रीज या दोन्ही संस्था पुण्याच्या. इथेनॉल २० टक्के मिसळल्यास गाडीच्या भागांवर काय परिणाम होतो, याच्या चाचण्यांत पुण्याच्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेचा सहभाग होता. ५ जून २०२१ रोजी शंभर टक्के इथेनॉलच्या पंपांचा पथदर्शी प्रकल्पही पुण्यातच सुरू झाला.

देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलचे ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. त्यामुळे २० टक्के मिश्रणाने साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत सुधारले आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हे खरे धरले, तर केवळ ऑक्टेनसाठी ९५ चे प्रीमियम घेण्याचे कारण बरेच दुबळे होते.

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लीटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून मायलेज घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या मोटारीत ही घट १ ते २ टक्के, तर इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडविलेल्या जुन्या मोटारीत ६ ते ७ टक्के असते. इथेनॉल पाणी शोषते. जुन्या गाडीचे रबरी पाइप व सील त्याने लवकर खराब होऊ शकतात. पोलोसारख्या दहा वर्षे जुन्या गाडीच्या मालकाने प्रीमियमची चिंता करण्याऐवजी हे भाग दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

रुपयांचा हिशेब

समजा, साधे पेट्रोल १०४ रुपये आणि ९५ ऑक्टेनचे ११२ रुपये लीटर आहे. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी व लीटरला १४ किलोमीटर देणारी मोटार सुमारे ७१ लीटर पेट्रोल पिते. आठ रुपयांच्या फरकाने महिन्याला सुमारे ५७० आणि वर्षाला ६,८०० रुपयांहून अधिक जातात. हा फरक मायलेजमधून भरून काढायचा असेल तर ते पावणेआठ टक्के वाढले पाहिजे, म्हणजे १४ चे १५ च्या वर गेले पाहिजे. साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात असे होण्याची आशा धरू नये.

शंभर ऑक्टेनचे गणित याहून निराळे. इंडियन ऑइलने 'एक्सपी १००' डिसेंबर २०२० मध्ये आणले. पहिल्या दहा शहरांत पुणे होते. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लीटरला १६० रुपये, म्हणजे साध्याच्या जवळजवळ दुप्पट होता. अतिशय महागड्या मोटारींसाठी ते ठीक. हप्त्यावर गाडी घेणाऱ्याने तो शौक कशासाठी करावा?

माप आणि शुद्धता

ऑक्टेनच्या आधी ग्राहकाने माप पाहावे. प्रत्येक पंपावर पाच लीटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असून ग्राहक ते मागू शकतो. पाच लीटरमध्ये २५ मिलिलीटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. शुद्धतेसाठी फिल्टर पेपरही मागता येतो. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहू नये. आणि नळी टाकीत जाण्याआधी "साधे" की "प्रीमियम" हे मोठ्याने सांगावे. न विचारता महागडे पेट्रोल भरले गेल्याचा अनुभव प्रस्तुत लेखकानेही एकदा घेतला आहे.

व्यापारी बांधवांसाठी याहून महत्त्वाची बाब आहे. दिव्य कुरआनात माप मारणाऱ्यांना कठोर इशारा देणारा एक संपूर्ण अध्याय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला व आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ग्राहकाला नको असलेली बाटली विकणे, प्लगचा दोष पेट्रोलवर ढकलणे, ही याच ढिगातील ओल आहे. आणि ग्राहकाच्या बाजूने, केवळ मिरविण्यासाठी महाग पेट्रोल जाळणे ही फिजूलखर्ची आहे.

त्या तरुणाला चाचा शेवटी म्हणाले, "आता साधं भर. घाटात जाशील तेव्हा वाटलं तर पंच्याण्णव भर. उरलेल्या पैशात टायर बदल, पुढचे दोन्ही गुळगुळीत झालेत." घाटात वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी यापेक्षा चांगला सल्ला कोणता असणार?