हक्काचे ४० सेकंद

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवडाभर आई मालिका नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ही बाई स्वयंपाकघरात नाही गं, कपाटात उभी राहून बोलतेय." मीही डोळे मिटले. पडद्यावरची सासू पोळ्या लाटत होती, पण पोळपाटाचा आवाज नव्हता. बांगड्या वाजत नव्हत्या, बाहेर रस्ता नव्हता. होते ते डबिंगच्या खोलीतले कोरडे संवाद आणि मागे व्हायोलिनांचा पूर.

म्हणून एप्रिलमध्ये वाईजवळच्या एका वाड्यात मराठी चित्रपटाचं शूटिंग आहे आणि आवाज जागेवरच घेणार आहेत असं कळलं, तेव्हा मी गेले. कॅमेऱ्यामागे बसायला खुर्ची मिळत होती. मी माजघराच्या उंबऱ्याशी, साउंडच्या ट्रॉलीजवळ बसले.

ट्रॉलीमागचे गृहस्थ पन्नाशीचे. त्यांनी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरात. घरमालकीणबाईंना विचारून फ्रिजचं बटण बंद केलं आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. मी बघतच राहिले. "फ्रिजची घरघर संवादात येते," ते म्हणाले. "आणि पॅकअपच्या घाईत तो परत चालू करायचं राहून जातं. किल्ली आत असली की विसरता येत नाही." मग पंखे, पाण्याचा पंप, भिंतीवरचं घड्याळ. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिथे प्रॉडक्शनचा मुलगा हात जोडायला गेला. गिरणीवाला पट्टा उतरवून शूटिंग बघायला आला आणि दिवसभर हलला नाही.

कोकीळ मात्र कुणाचं ऐकेना. मला वाटलं, हिच्यामुळे सगळं अडणार. "कोकीळ चालते," ते म्हणाले. "पण मग सगळ्या शॉटला चालली पाहिजे." आत्ताच्या वाक्यामागे कोकीळ आहे, पुढचं वाक्य तासाभराने दुसऱ्या कोनातून घेतलं आणि तेव्हा ती उडून गेली, तर जोडताना मागचा आवाज मध्येच तुटतो. प्रेक्षकाला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. आईला खटकलं होतं तसं.

याच्यावर उपाय म्हणजे रूम टोन. सगळ्यांनी आहे त्या जागी गप्प उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटिंगच्या वेळी दोन वाक्यांमधल्या फटी या आवाजाने बुजवतात, कारण निव्वळ शांतता भरली तर टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं. "लाइटवाले तीन तास घेतात, घेऊ देत," ते म्हणाले. "मला बारा तासांत हक्काचे ४० सेकंद पाहिजेत." हे वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्यात विनोद उरला नव्हता.

नायिकेच्या पदरामागे लेपल माइक लावला होता, तर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटायला लागल्या. वाट्यांना मागून मेडिकल टेप लावली. मग साडीची सळसळ. तिथे टेप चालत नाही. तिथे बूमवरच भिस्त.

आणि बूमवर होता तो मुलगा, ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा बघत होते. वय पंचविशीचं, पायात नुसते मोजे. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेली लांब काठी आणि तिच्या टोकाला केसाळ कव्हरातला माइक. गावातली पोरं त्या माइकला मुंगूस म्हणत होती. मुलाला सेटवर नावच नव्हतं. "ए बूम, वर घे." "बूम फ्रेममध्ये येतोय." पूर्वी तो लग्नात डीजेच्या गाडीवर होता. "तेव्हा भिंती हलवायचो, ताई," एवढंच बोलला.

चार मिनिटांचा एक टेक होता, तीन माणसांचं भांडण. माइक त्या त्या माणसाकडे वळायचा तो त्याने तोंड उघडायच्या आधी, म्हणजे तिघांचेही संवाद याला पाठ. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. तिसऱ्या मिनिटाला कोपर थरथरायला लागलं, माइक मात्र स्थिर. नट चुकला. वन मोर. हा पुन्हा हात वर करून उभा.

दिग्दर्शकाचा सहायक कंटाळून म्हणाला, "जाऊ दे ना, डबिंगला बघू." सेटवर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच.

गंमत अशी की आपला बोलपट सुरूच झाला तो जागेवरच्या आवाजाने. १९३१च्या 'आलम आरा'च्या वेळी स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, म्हणून अर्देशीर इराणींनी पुष्कळसं चित्रण गाड्या थांबल्यावर, रात्री केलं. पुढे कॅमेरे हलके झाले, बाहेर पडले, पण त्यांचा खडखडाट मोठा होता. त्यामुळे डबिंगची सवय लागली आणि कॅमेरे मुके झाले तरी सुटली नाही. २००१चा 'लगान' भूजजवळ जागेवरच्या आवाजात झाला, तर त्याचं केवढं अप्रूप! २०२२मध्ये जाहीर झालेल्या ६८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तर सिंक साउंडसाठीच, म्हणजे जागेवरच्या आवाजासाठीच असलेला पुरस्कार डब केलेल्या चित्रपटाला गेल्याचं ध्वनिरचनाकार रसूल पूकुट्टींना जाहीरपणे सांगावं लागलं. परीक्षकांच्याच कानांना कळलं नसेल, तर निर्मात्याने गिरणी कशाला थांबवावी?

डबिंग सोयीचं असतं, स्वस्तही पडत असेल. पण डब केलेला माणूस दमत नाही. त्या भांडणात थोरल्या भावाचा श्वास मध्येच अडकला होता. एसीच्या खोलीत, महिन्याभराने, उभं राहून तो पुन्हा कसा अडकावा?

सातला पॅकअप. लोक वायरी गुंडाळायला लागले तसे ट्रॉलीमागचे गृहस्थ उठले. "रूम टोन. कुणी हलू नका." बाविसाव्या सेकंदाला कुणाचा तरी फोन थरथरला. पहिल्यापासून. या खेपेला माजघरात साठेक माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली. मला लाकडी तुळईची कुरकुर ऐकू आली, लांब कुत्रं, कोनाड्याशी एक माशी, आणि माझ्या शेजारी बूमवाल्या मुलाचा जड श्वास. त्याने तो रोखून धरला. ४० सेकंद.

मग ते किल्ली घ्यायला स्वयंपाकघरात गेले, फ्रिज सुरू केला, पातेल्यावरचं झाकण उचललं. दूध नासलं होतं. त्यांनी खिशातून पैसे काढून मुलाला पिशवी आणायला पाठवलं.