जुन्या मोटारीची धूरनळी



पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना संत्र्यांच्या बागांमधून एखादी जुनी अँबॅसडर गुरगुरत गेलेली तुम्ही पाहिली असेल. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात या गाड्या तयार होणे २०१४ साली थांबले. पण ज्यांनी त्या जपल्या त्यांच्याकडे त्या अजून चालतात. आमच्या वर्गातील एका मुलाच्या आजोबांची गाडी अशांपैकीच. अमेरिकेतील जुन्या दांडग्या मोटारींची चित्रे पाहून नातवाला वाटले, आपलीही गाडी तशी गर्जावी. त्याच्या हौसेखातर आजोबांनी गेल्या हिवाळ्यात गाडीसाठी एक नवा 'हेडर' आणविला. पुढे जे घडले त्यामुळे आम्हांला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला.

इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोल व हवा जळून झाली की दट्ट्या वर येऊन जळका वायू झडपेवाटे बाहेर ढकलतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर धूर सोडतात. म्हणजे सेकंदाला शंभर उसासे झाले. कारखान्याने बसविलेल्या ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डात हे सारे उसासे एका आखूड पोकळीत मिसळतात व एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरात प्रत्येक दाराला स्वतंत्र लांब नळी असते आणि त्या नळ्या बऱ्याच पुढे जाऊन मिळतात.

धुराच्या प्रत्येक धक्क्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. या तप्त वायूत ही लाट पाचशे ते सहाशे मीटर जाते. नळ्या जेथे मिळतात तेथून तिचा काही भाग उलटा फिरतो, पण आता तो दाबाचा नव्हे, ओढीचा असतो. झडप मिटण्यापूर्वी ही ओढ परत पोहोचली तर उरलासुरला धूर बाहेर काढते. उशिरा पोहोचली तर व्यर्थ. म्हणून नळीची लांबी व रुंदी ही शोभेची बाब नव्हे. इंजिन कोणत्या वेगाला जोर धरील हे त्यांवर ठरते.

अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्या मोटारींत, उदाहरणार्थ १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओत, व्ही आकाराचे आठ सिलिंडरांचे इंजिन असे. प्रत्येक बाजूस चार सिलिंडर, म्हणून हेडरही दोन. आणि स्टिअरिंग डावीकडे असल्याने एका बाजूच्या हेडराला दांडा चुकवून वळावे लागे. तेथील जाणते लोकही हेडर घेताना प्रथम गाडीचे नाव विचारीत नाहीत. इंजिन कोणते ते विचारतात.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिकच अवश्य आहे. अँबॅसडर हे नाव एक, पण पोटातील इंजिने अनेक. आरंभीच्या गाड्यांत बाजूच्या झडपांचे इंजिन होते. १९५९ पासून वरच्या झडपांचे, १४८९ घनसेंटिमीटरचे, ब्रिटिश घडणीचे आले. पुढे डिझेल निघाले आणि १९९० नंतरच्या दशकात जपानच्या इसुझू कंपनीच्या धर्तीचे १८०० चे. आजोबांच्या गाडीत १४८९ चे पेट्रोल इंजिन आहे. त्याला सिलिंडर चार, पण धुराची दारे तीनच! पहिल्याला व चौथ्याला स्वतंत्र दार, आणि मधल्या दुसऱ्या-तिसऱ्याला मिळून एक. विकत आणलेल्या हेडराला मात्र नळ्या चार. दुकानदाराने सिलिंडर मोजले होते, दारे मोजली नव्हती.

या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. कागदावर हा क्रम मांडून पाहा: दोन व तीन यांच्या धुरामध्ये इंजिनाच्या पूर्ण एका फेऱ्याचे अंतर पडते, एक व चार यांच्यामध्येही तेवढेच. म्हणून एका दारातून जाणारे दोघे एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. या इंजिनाचा खरा हेडर तीन नळ्यांचा असतो. एक व चार यांच्या नळ्या आधी मिळतात आणि मग मधली त्यांना येऊन मिळते.

इकडे एका मिस्त्रीने मधल्या दोन नळ्या कापून, वेल्डिंग करून एक केल्या व हेडर बसवून दिला. गाडी गर्जू लागली. डिसेंबरच्या एका पहाटे आजोबा सहकुटुंब जामसावळीस मारुतीच्या दर्शनाला निघाले, तेव्हा त्यांनी आम्हांलाही सोबत घेतले. थंडीमुळे काचा बंद होत्या. अर्ध्या वाटेवर आजींचे डोके ठणकू लागले आणि नातू एरवी बडबड्या, तो मान टाकून पेंगू लागला. आजोबा म्हणाले, "मास्तर, नळी तं नवी हाये, मंग डोकं काहून दुखून रायलं?"

आम्ही कलाशाखेचे, रसायनशास्त्राशी आमची ओळख बेताची. तरी तेवढे आठवले आणि आम्ही गाडी थांबवून सर्वांना बाहेर काढले. आमच्या कोंकणीत धुराला 'धुंवर' म्हणतात. धुंवर डोळ्यांना दिसतो, नाकाला झोंबतो. पण मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू ना दिसतो, ना त्याला वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. मोकळ्या हवेत तासाभराने आजींना बरे वाटले, नातू पुन्हा बोलू लागला. काचा तशाच बंद ठेवून आणखी तासभर गेलो असतो तर काय झाले असते, हे लिहवत नाही.

दुसऱ्या मिस्त्रीने दोष शोधला. या इंजिनात हवा आत जाण्याची व धूर बाहेर पडण्याची दारे एकाच बाजूस आहेत, आणि दोन्ही मॅनिफोल्ड शेजारी शेजारी एकाच गॅस्केटवर बसतात. काही नटांचे रुंद वॉशर दोघांनाही एकदम दाबतात. नव्या हेडराची पट्टी पातळ, शेजारची जाड. वॉशरने जाडीला आवळले, पातळ सैलच राहिली. तेथून वायू बॉनेटखाली साठला व तारा-पेडलांच्या भोकांवाटे आत शिरला.

तेव्हा पट्टीची जाडी आधी मोजावी. मग नवे गॅस्केट पट्टीवर ठेवून भोके जुळतात का पाहावे. नळीचे तोंड दारापेक्षा किंचित मोठे चालेल, लहान नको. लहान असल्यास धूर कडेवर आपटतो. पट्टीवर पोलादी फूटपट्टी आडवी धरावी. खालून उजेड दिसला तर पट्टी वाकलेली आहे. वेल्डिंगच्या आचेने ती हमखास वाकते. स्टार्टर, ब्रेकची नळी व विजेच्या तारा यांपासून हेडर दूर आहे ना, आणि तो इतका खाली लोंबत नाही ना की बागेच्या वाटेवरील दगड लागेल, हेही पाहावे. पहिल्यांदा तापून निवल्यावर नट पुन्हा आवळावेत. पितळी नट असल्यास उत्तम, ते गंजून धरत नाहीत. धूर मोकळा झाला की पेट्रोलचे प्रमाण बदलते, म्हणून कार्ब्युरेटरही जुळवून घ्यावा लागतो.

एवढे करून लाभ किती? हे इंजिन सुमारे पन्नास अश्वशक्तीचे. केवळ हेडराने त्यात पडणारी भर थोडीच, आणि नळ्या फार रुंद घेतल्या तर कमी वेगाचा जोर उलट घटतो. तो तर सिल्लेवानीचा घाट चढताना सर्वांत हवा असतो. शर्यतीत न उतरणाऱ्या घरच्या गाडीला जुना ओतीव मॅनिफोल्डच बरा, असे आमचे मत झाले. तो आवाज दाबतो, बराच काळ टिकतो आणि थंडीत इंजिनाला ऊबही देतो. नातवाला हे मत अजून पटलेले नाही.

आजोबांनी जुना मॅनिफोल्ड माळ्यावरून काढून, घासून पुन्हा बसविला. चार नळ्यांचा तो हेडर त्यांनी शाळेला दिला असून तो प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवला आहे. शेजारीच १४८९ च्या इंजिनाचे एक जुने गॅस्केट आहे. ज्यांना दोन्ही जुळवून पाहायचे असतील त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.