उड्डाण हरवलेला सुपरमॅन

24 जुलै 1987 रोजी अमेरिकेत 'सुपरमॅन 4 : द क्वेस्ट फॉर पीस' प्रदर्शित झाला आणि नऊ वर्षे चाललेली एक लाडकी चित्रपटमालिका तिथेच थांबली. अमेरिकेत या चित्रपटाची कमाई 1 कोटी 57 लाख डॉलरच्या पुढे गेली नाही. मालिकेच्या पहिल्या भागाने तिथेच 13 कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते. नायक तोच होता, क्रिस्टोफर रीव्ह. तिसऱ्या भागात नसलेला जीन हॅकमन खलनायक लेक्स लूथर म्हणून परतला होता, मार्गो किडर पुन्हा लोइस लेन झाली होती आणि जॉन विल्यम्सची ती गाजलेली धूनही कायम होती. कथेचा विषय तर त्या काळी साऱ्या जगाच्या जिव्हाळ्याचा होता : अण्वस्त्रमुक्ती. एवढे सगळे हाताशी असताना चित्रपट का कोसळला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1978 चा 'सुपरमॅन' रिचर्ड डॉनरने दिग्दर्शित केला होता. अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड या पितापुत्रांनी त्यावर सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च केले. चित्रपटाच्या जाहिरातीत प्रेक्षकांना एकच वचन दिले होते : माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल. संगणकाच्या मदतीने दृश्ये घडवण्याची सोय तेव्हा नव्हती. तारांना टांगून माणूस उचलता येत असे आणि निळ्या पडद्यापुढे त्याचे चित्रण करून मागे आकाश जोडता येत असे. पण सुपरमॅनचा पोशाखच निळा. पडद्याचा निळा रंग काढून टाकताना नायकाचे अंगही नाहीसे होण्याचा धोका होता. म्हणून अशा दृश्यांसाठी वेगळ्या, हिरवट निळ्या छटेचा पोशाख शिवला गेला. झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने आणखी एक युक्ती काढली. कॅमेरा आणि मागचे दृश्य टाकणारा प्रोजेक्टर या दोन्हींना झूम लेन्स लावून त्या एकमेकींशी जोडल्या. दोन्ही लेन्स एकाच वेळी, एकाच मापाने फिरत. त्यामुळे मागचे आकाश जसेच्या तसे राही आणि जागच्या जागी टांगलेला रीव्ह मात्र प्रेक्षकांच्या अंगावर झेपावत आल्यासारखा दिसे. या कामासाठी चित्रपटाला विशेष ऑस्कर मिळाले.

यंत्रे आणि लेन्स यांच्याइतकाच वाटा रीव्हचा होता. वळण घेताना तो खांदा आधी झुकवी, मग कंबर, मग पाय. उतरताना गुडघा किंचित मुडपे. तारेला लटकलेला माणूस शरीराचे ओझे सांभाळत असतो. रीव्हच्या अंगात ते ओझे दिसत नाही. वचन पाळले गेले ते या बारकाव्यांमुळे.

दुसऱ्या भागाच्या वेळी निर्मात्यांशी वाद झाल्याने डॉनरला काढून रिचर्ड लेस्टरला आणले गेले. तरीही 1980 च्या डिसेंबरपासून जगभर दाखवला गेलेला तो भाग चालला, कारण त्याचा बराचसा भाग डॉनरने आधीच चित्रित करून ठेवला होता. 1983 च्या तिसऱ्या भागात विनोदवीर रिचर्ड प्रायरला मोठी भूमिका मिळाली, सूर प्रहसनाचा झाला आणि गल्ला निम्म्याच्या आसपास आला. 1984 मध्ये 'सुपरगर्ल'ही पडला. साल्काइंड कंटाळले आणि त्यांनी हक्क विकायला काढले.

ते घेतले कॅनन या कंपनीने. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे इस्रायलमधून आलेले चुलतभाऊ ती चालवत. कमी पैशांत भराभर मारधाडपट काढायचे आणि चित्रपट तयार होण्याआधीच देशोदेशीच्या वितरकांना विकून भांडवल उभे करायचे, अशी त्यांची पद्धत. चौथ्यांदा तो पोशाख चढवायला रीव्ह नाखूश होता. कॅननने त्याला दोन गोष्टी देऊ केल्या : कथेवर त्याचा अधिकार, आणि त्याच्या मनातला 'स्ट्रीट स्मार्ट' हा वेगळा चित्रपट काढण्यासाठी पैसा. तो चित्रपट निघाला आणि त्यातल्या भूमिकेसाठी मॉर्गन फ्रीमनला ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले. चौथ्या 'सुपरमॅन'च्या निमित्ताने घडलेली ही एक निखळ चांगली गोष्ट.

अण्वस्त्रांचा विषय रीव्हचाच. ऑक्टोबर 1986 मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार व्हायला 1987 चा डिसेंबर उजाडला. या दोन तारखांच्या मधल्या काळात हा चित्रपट पडद्यावर आला. त्यात एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो : तू ही शस्त्रे नष्ट का करत नाहीस? सुपरमॅन संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन घोषणा करतो, जगभरची क्षेपणास्त्रे अवकाशात एका प्रचंड जाळ्यात गोळा करतो आणि सूर्यात भिरकावतो. लूथर सुपरमॅनच्या एका केसापासून आणि सूर्याच्या ऊर्जेपासून 'न्यूक्लिअर मॅन' नावाचा प्रतिस्पर्धी घडवतो. बाकीचा चित्रपट या दोघांच्या मारामारीचा आहे.

चित्रीकरण सुरू होण्याच्या सुमारास घाव बसला. कॅननकडे तेव्हा एकाच वेळी तीसेक चित्रपटांची कामे चालू होती आणि पैसा पुरत नव्हता. 3 कोटी 60 लाख डॉलरचे अंदाजपत्रक 1 कोटी 70 लाखांवर आणले गेले. म्हणजे नऊ वर्षांत सगळे महाग झालेले असताना, पहिल्या भागाच्या एक तृतीयांशाहूनही कमी रक्कम हाती उरली.

ही काटकसर सर्वांत जास्त कुठे दिसते, तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या दृश्यात. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून सुपरमॅन चालत राष्ट्रसंघाच्या इमारतीकडे निघतो आणि मागे माणसांचा लोंढा वाढत जातो, अशी मूळ कल्पना. ते दृश्य इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात, कचेऱ्यांच्या इमारतींपुढे, शंभरेक माणसे जमवून उरकण्यात आले. न्यूयॉर्कचा तो गजबजलेला रस्ता पहिल्या भागामुळे प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला होता. रीव्हने पुढे आत्मचरित्रात या जागेविषयीची खंत मोकळेपणाने लिहिली आहे.

त्याहून मोठे नुकसान उड्डाणांचे झाले. दोन्ही मुठी पुढे करून कॅमेऱ्याकडे झेपावणाऱ्या सुपरमॅनचे एकच चित्रण चित्रपटभर पुन्हा पुन्हा वापरले आहे. मागची पार्श्वभूमी तेवढी बदलते. दोन चित्रे जोडल्याची रेघ त्याच्या कडेने स्पष्ट दिसते. चाचणी खेळानंतर सुमारे 45 मिनिटांचा भाग कापून चित्रपट दीड तासावर आणला गेला. त्यात पहिला, कच्चा 'न्यूक्लिअर मॅन' आणि त्याच्याशी झालेली अख्खी लढाई गेली. 2006 च्या डीव्हीडीत कापलेल्यापैकी बरीच दृश्ये पाहायला मिळतात. एक तरुणी अवकाशात कोणत्याही पोशाखाविना, श्वास घेत राहते, हेही या चित्रपटात घडते. विज्ञानकथा अशक्य गोष्टी दाखवते, त्याला हरकत नाही. मात्र स्वतः घालून दिलेले नियम तिने पाळावे लागतात.

तरी सगळा दोष पैशावर ढकलणे बरोबर नाही. कथेतच एक गाठ होती. माणसाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, असे सुपरमॅनच्या पित्याने पहिल्या भागात बजावले आहे. चौथा भाग तीच आज्ञा मोडायला नायकाला उभे करतो. एकाच्या बळावर साऱ्या जगाने शस्त्रे टाकावीत का, टाकली तर राष्ट्रे स्वस्थ बसतील का, हे खरे प्रश्न होते. लूथर पुन्हा शस्त्रे विकायला लागतो, इथपर्यंत कथा योग्य वाटेने जाते. नंतर ती सोनेरी केसांच्या एका पहिलवानाच्या मागे धावते आणि मुलाचे पत्र मागे पडते. शांतता लोकांनीच आपल्या सरकारांकडून मिळवावी, असे सुपरमॅन शेवटी सांगतो. हे उत्तर चांगले आहे, पण ते कथेतून उगवत नाही, भाषणातून येते. या निराशेचे मोठे कारण तेच.

पुढची सुमारे 19 वर्षे सुपरमॅन मोठ्या पडद्यावरून गायब राहिला. 2006 मध्ये ब्रायन सिंगरने 'सुपरमॅन रिटर्न्स' काढला तेव्हा पहिल्या दोन भागांचाच धागा धरला; तिसरा आणि चौथा घडलेच नाहीत असे मानले. आवडत्या मालिकेतला फसलेला भाग असा मोजणीतूनच वगळण्याची रीत पुढे इतर मालिकांनीही उचलली.

भारतातही सुपरमॅनचे उड्डाण अवघडच ठरले. 1987 मध्येच पुनीत इस्सर नायक आणि धर्मेंद्र त्याचा पिता असलेला हिंदी 'सुपरमॅन' आला. त्यात उडण्याची काही दृश्ये थेट डॉनरच्या चित्रपटातून उचललेली होती. स्वतःचा सुपरमॅन स्वतः उडवण्याचा खटाटोप नाशिक जिल्ह्यात झाला, तोही वीस वर्षांनी.

या जिल्ह्यातल्या मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगार सिनेमाला जातात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथे 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला आणि तो गावात तुफान चालला. कॅमेरा साधा, घरगुती समारंभांत वापरतात तसा. ट्रॉलीचे काम सायकल करी, क्रेनचे काम बैलगाडी. संकलन नासिर यांनी दोन व्हीसीआर जोडून शिकून घेतले होते.

2008 च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. नायक शफिक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. अंदाजपत्रक लाखाच्या घरातले. या सुपरमॅनला लढायचे होते ते तंबाखू आणि घाणीशी, म्हणजे मालेगावच्या रोजच्या दुखण्याशी. निळा पोशाख निळ्या पडद्यावर नाहीसा होतो, ही डॉनरच्या चित्रपटातली अडचण इथे हिरव्या कापडाने सोडवली. ते कापड ताणून धरायचे, शफिकला आडवे करायचे, मागे मालेगावचे आकाश जोडायचे. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला. मध्येच शफिकचे लग्न झाले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले.

कलाकृती म्हणून या चित्रपटाची कॅननच्या चित्रपटाशी तुलना करणे योग्य नाही. तो विडंबनपट आहे आणि प्रेक्षक हसायलाच येतो. निर्मितीतल्या निर्णयांची तुलना मात्र करता येते. कॅननने पैसा कमी पडताच मोठी कात्री लावली ती उड्डाणाला. नासिर शेख यांच्याकडे कापण्यासारखे काही नव्हतेच, पण सुपरमॅन आहे म्हणजे तो उडलाच पाहिजे, हे त्यांनी सोडले नाही. त्यांची सगळी मेहनत त्याच दृश्यांवर खर्च झाली. शिवाय त्यांची कथा शेवटपर्यंत मालेगावच्याच दुखण्याला धरून राहिली.

ही सारी धडपड फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहता येते. तो 2008 मध्ये तयार झाला, देशोदेशीच्या महोत्सवांत फिरला आणि भारतातल्या चित्रपटगृहांत 2012 च्या जूनमध्ये लागला. तंबाखूशी लढणारा सुपरमॅन साकारणारा शफिक त्याआधीच तोंडाच्या कर्करोगाने, तरुण वयात गेला होता. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाला. त्यात आदर्श गौरव नासिर झाला आहे आणि शशांक अरोरा शफिक.